बटण, बटण, चित्र, बटण

नव्या प्रोग्रामने ताईंसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं ते एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, आणि तो एवढंच बोलला: "बटण. बटण. चित्र. बटण."

ताईंनी कानांवरचा हेडफोन नीट बसवला आणि पुन्हा कळ दाबली. "चित्र," प्रोग्राम म्हणाला. आणखी एकदा दाबली. "बटण." कसलं बटण, कशाचं चित्र, पत्ता नाही. दार वाजवून 'मी आलोय' म्हणणारा पण नाव न सांगणारा पाहुणा असतो, तसला प्रकार.

"कसा वाटतोय, ताई?" मागून धाकट्या मालकांनी विचारलं.

"बोलका आहे," ताई म्हणाल्या. "पण सांगत काहीच नाही."

मालक हसले, पण ते हसणं घशातच राहिलं. त्यांनाही कळलं होतं.

ते दुकान म्हणजे शिलाई मशिनींच्या सुट्या भागांचं मोठं गोदाम. आजूबाजूला कपड्यांचे कारखाने, त्यांत हजारो मशिनी, आणि मशीन म्हटलं की मोडणं आलंच. सकाळी नऊपासून मेकॅनिक लोक हातात मोडका तुकडा घेऊन काउंटरवर उभे राहायचे, आणि काउंटरच्या आत ताई बसायच्या. ताईंना जन्मापासून दिसत नाही. एकवीस वर्षांत यावरून त्यांची कीव करायची हिंमत दोघांनीच केली होती, आणि दोघांनीही नंतर दुकान बदललं.

ताईंच्या कॉम्प्युटरवर एकवीस वर्षं एकच प्रोग्राम चालत होता. काळा पडदा, पिवळी अक्षरं, चित्र नाही, माउस नाही. सगळे त्याला काळी पाटी म्हणायचे. पडद्यावर जी ओळ येईल ती वाचून दाखवणारा आवाज ताईंच्या कानात असायचा, आणि तो त्यांनी इतका जलद करून ठेवला होता की शेजारच्याला नुसती मधमाशी गुणगुणल्यासारखं वाटायचं. तीन कळा दाबल्या की वस्तू कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, ते हजर.

पण काळ्या पाटीचा जीव होता तिच्या शेवटच्या रकान्यात. त्याचं नाव शेरा. दुकानात नवी वस्तू आली की थोरले मालक, म्हणजे धाकट्यांचे वडील, ती आधी ताईंच्या तळहातावर ठेवायचे. ताई बोटं फिरवायच्या आणि लिहायच्या: 'वाटाण्याएवढा, मध्ये चौकोनी भोक.' 'डावी कड बोटाला टोचते.' 'नखात अडकतो.' मेकॅनिक आणतो तो तुकडा झिजलेला असतो, त्यावरचा नंबर कधीच घासून गेलेला असतो. मग ताई तो हातात घ्यायच्या, दोन शब्द टाइप करायच्या, की काळी पाटी बरोबर तीच वस्तू काढून द्यायची. "नंबर कारखानदाराचा, शेरा आपला," असं थोरले मालक म्हणायचे. ते जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

आणि धाकट्यांनी प्रोग्रामर आणला होता. माणूस वाईट नव्हता, मेहनती होता. त्याने दोन महिने खपून काळ्या पाटीच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढला होता. त्याच्या पडद्यावर म्हणे अकरा रंग होते, म्हणून मेकॅनिक मंडळींनी त्याचं नाव रंगारी ठेवलं होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काळी पाटी बंद आणि रंगाऱ्याचं चित्रमंदिर सुरू, असं ठरलं होतं.

"तुमचं काम जाणार नाही, ताई," मालक मंगळवारीच म्हणाले. "तुम्ही फोन घ्या. आरामात बसा."

फोनवर लोक विचारणार काय? अमुक भाग आहे का. उत्तर कुठे? पडद्यावर. म्हणजे ताईंनी फोन घ्यायचा आणि शेजारच्याला विचारायचं. खुर्ची तीच, पगार तोच, आणि त्यात बसलेली बाई शोभेची. ताईंनी "बरं" म्हटलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

संध्याकाळी घरी आईने पाऊल ऐकूनच ओळखलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"कुणाशी भांडून आलीस?"

"अजून नाही."

ताईंनी सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी येतील हात जोडत."

"नाही येणार, आई. काळी पाटी भरलीये."

हे गुपित ताईंनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काळ्या पाटीत बत्तीस हजार नोंदी मावायच्या, त्याच्या वर एकही नाही. वर्षभरापूर्वी ती काठोकाठ भरली. तेव्हापासून नवी वस्तू आली की ताई एखादी जुनी नोंद पुसायच्या. जी मशीन आता कुणाकडे नसेल असं वाटायचं, तिच्या भागाची. वस्तू कपाटातच राहायची, पाटीवरून मात्र जायची. अशा तीनशे चाळीस वस्तू आता फक्त ताईंच्या डोक्यात होत्या.

"मग मालकांना सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर पाटी वर्षापूर्वीच गेली असती. आणि तिच्यामागून मी."

आईने गुडघा चोळत मान हलवली. मग म्हणाली, "म्हणजे ती पाटी तुला सांभाळत नाही, तूच तिला सांभाळतेस. म्हातारी मी एकटीच आहे असं समजत होते, तू तर दुकानातही एक पाळून ठेवलीयस!"

ताईंना हसू आलं. पण झोपताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मालकांना गाठलं. "मला एक सकाळ द्या. दोन्ही टेबलं शेजारी लावा. एकावर मी, एकावर रंगारीसाहेब. येईल त्या गिऱ्हाइकाचा भाग आधी कोण शोधतो ते होऊ दे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मालकांना नाही म्हणता येईना. नव्या प्रोग्रामवर खर्च होऊन बसला होता खरा, पण ताईंच्या समोर उभं राहिलं की त्यांना वडील आठवत. "शनिवारी," ते म्हणाले.

शनिवारी काउंटरवर ही गर्दी. ज्यांचं काहीच मोडलं नव्हतं तेही आले होते. गर्दीत सगळ्यात पुढे दहानंबरी. खिशात कायम दहा नंबरचा पाना असतो म्हणून हे नाव. बाकी माणूस सरळ, पण तोंडाने सैल.

"ताई, मी तुमच्याकडून आहे," तो म्हणाला. "चहा लावलाय पैजेवर."

"माझ्यावर फक्त चहाच?" ताई म्हणाल्या. गर्दी हसली.

पहिला मेकॅनिक नंबर घेऊनच आला होता. नंबर त्याच्या तोंडातून संपायच्या आत ताईंच्या कळा थांबल्या. "दुसरं कपाट, सहावा खण." रंगाऱ्याच्या माउसचा बाण अजून पडद्यावर चौकटी शोधत फिरत होता. टाळ्या पडल्या. रंगारी घाम पुसत म्हणाला, "इंटरनेट जरा स्लो आहे." "नाचता येईना, अंगण वाकडं!" दहानंबरीने टोला हाणला.

दुसऱ्या मेकॅनिकला एका जातीची बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, साठ नग हवी होती. ताई म्हणाल्या, "इथे बावीस आहेत. समोरच्या आपल्या दुसऱ्या गोदामात किती ते फोन करून विचारते." रंगारी लगेच म्हणाला, "समोर एक्केचाळीस. मिळून त्रेसष्ट. घेऊन जा." ताईंचा हात फोनवरच थांबला. काळ्या पाटीला समोरचं गोदाम दिसत नव्हतं, कधीच दिसलं नव्हतं. हा डाव रंगाऱ्याचा, आणि स्वच्छ रंगाऱ्याचा. आता टाळ्या जरा जपूनच पडल्या.

"एक-एक," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजावरून ते नक्की कुणाच्या बाजूने आहेत हे ताईंना काही केल्या कळेना. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

तेव्हा दहानंबरी पुढे झाला. त्याने चिंधीत गुंडाळलेला एक तुकडा काउंटरवर ठेवला. "हे काय ते मलाच माहीत नाही. एका जुन्या कारखान्यात कोपऱ्यात मशीन पडलं होतं, मालकाच्या डोक्यात आलं की ते चालू करायचं. नंबर नाही, नाव नाही."

तुकडा आधी रंगाऱ्याकडे गेला. त्याने तो उलटासुलटा केला. शिवताना कापड पुढे ढकलणारी दातेरी पट्टी आहे, एवढं त्याने ओळखलं. मग पडद्यावर दातेरी पट्ट्यांचे फोटो उघडले. एकसष्ट फोटो. एकसष्टच्या एकसष्ट सारखे. बोटाएवढी पट्टी आणि वीतभर पट्टी, फोटोत दोन्ही तेवढ्याच. दहानंबरी पडद्याला नाक लावून म्हणू लागला, "ही... नाही, ती... थांबा, ही असेल."

"माझा शेरा काय म्हणतोय?" ताईंनी विचारलं.

"कसला शेरा?"

"शेवटचा रकाना."

रंगाऱ्याने पडदा वरखाली केला. "तो मी नव्या प्रोग्राममध्ये घेतलाच नाही, ताई. त्यात 'नखात अडकतो', 'वाटाण्याएवढा' असलं काहीतरी होतं. मला वाटलं, कुणीतरी टाइमपास केलाय."

एकवीस वर्षांचा टाइमपास! ताईंच्या कानशिलाशी झणझण झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण भांडण्याऐवजी त्यांनी हात पुढे केला आणि तुकडा घेतला.

अंगठा दातांवरून गेला. तीन रांगा. मधली रांग आखूड, पाच दात, त्यातला एक पडलेला. खालचं भोक लांबट. डावी कड... डावी कड बोटाला टोचली. ताईंच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. शाळेतली मैत्रीण रस्त्यात भेटावी तसं. त्यांनी कळा दाबल्या: तीन रांगा, डावी कड.

"नोंद नाही," कानात मधमाशी म्हणाली.

मग ताईंना आठवलं. सहा महिन्यांपूर्वी, नव्या सुयांची पेटी आली त्या दिवशी, ही नोंद त्यांनीच पुसली होती. हे मशीन आता कोण चालवणार, असं स्वतःशी म्हणून. पुसलेली नोंद पाटीवर नव्हती. पण पुसणारं डोकं तर मानेवर होतं.

"मागची खोली," ताई सावकाश म्हणाल्या. "चौथं कपाट. खालून दुसरा खण. डावीकडे पत्र्याचा डबा असेल, त्याच्या मागे."

मालक स्वतः गेले. आतून कपाटाचं दार करकरलं, डबा सरकला. आणि मग त्यांचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा: "आहे! अहो, आहे!"

नवी पट्टी जुन्या तुकड्यावर ठेवली. दाताला दात, भोकाला भोक. दहानंबरीने पाना काउंटरवर आपटून आरोळी ठोकली, आणि मग त्या खोलीत जो गलका झाला तो समोरच्या गोदामातही ऐकू गेला असणार. कुणी ताईंचा हात हातात घेऊन हलवत होतं, कुणी चहा सांगत होतं.

"ठरलं," मालक मोठ्याने म्हणाले. "जुनं ते सोनं. काळी पाटी कायम राहणार! साहेब, तुमचा हिशेब करून टाकू."

झालं. ताई जिंकल्या होत्या. आता फक्त गप्प बसायचं होतं. खुर्ची आपली, पाटी आपली, गुपितही आपलं. एवढं सोपं काम ताईंना आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. पण शेजारच्या टेबलावर रंगारी वायर गुंडाळत होता, आणि तो आवाज त्यांना ऐकवेना. मंगळवारी आपण असेच निघालो होतो, हे त्यांना आठवलं.

"थांबा," ताई म्हणाल्या. "ती पट्टी काळ्या पाटीत नव्हती."

गलका हळूहळू खाली बसला.

"पाटीने मला 'नोंद नाही' सांगितलं. पाटी भरलीये, मालक. वर्ष झालं. एक घालायला एक पुसते मी. अशा तीनशे चाळीस वस्तू आहेत ज्या ना या प्रोग्रामला माहीत, ना त्याला. मी उद्या तापाने पडले तर तुमच्याच कपाटातली वस्तू तुम्हाला सापडायची नाही. हे मी लपवलं, कारण खुर्ची जाईल अशी भीती वाटली. चुकलं माझं."

सगळे मालकांकडे वळले. दहानंबरीसुद्धा.

"मग आज जिंकलं कोण?" शेवटी मालकांनी विचारलं.

"मी," ताई म्हणाल्या. एवढा सरळ शब्द उच्चारायला त्यांना फार बरं वाटलं. "पाटी नाही, फोटो नाहीत. मी. म्हणून आता मी सांगते तसं करा. साहेब, तुमच्या प्रोग्रामात जागा किती?"

"कोटीच्या वर नोंदी मावतात," रंगारी पुटपुटला.

"मग माझे बत्तीस हजार शेरे त्यात येऊ देत. वरचे तीनशे चाळीस मी तोंडी सांगते, तुम्ही लिहा. तुमची ती बटणं आहेत ना, त्या प्रत्येकाला नाव द्या. कळ दाबून सगळं करता आलं पाहिजे, माउस न धरता. आणि ज्या दिवशी तुम्ही स्वतः पडदा बंद करून, नुसत्या कानाने एक बॉबिन केस शोधून दाखवाल, त्या दिवशी काळी पाटी मी माझ्या हाताने बंद करीन. त्याच्या आधी कुणी तिला हात लावायचा नाही."

मालकांनी काळ्या पाटीच्या टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाबा असते तर म्हणाले असते, आधीच ताईंना विचारलं असतंस तर?" आणि रंगाऱ्याकडे वळले. "साहेब, वायर परत लावा."

पुढचे सहा आठवडे रंगारी रोज ताईंच्या शेजारी बसला. आधी तो वैतागला. पडद्यावर टॉवेल टाकून काम करायचं म्हणजे त्याचा जीव गुदमरायचा. "बटण, बटण, चित्र, बटण," कानात ऐकून एकदा तो ओरडलाच, "अरे, पण कसलं बटण!" ताई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "आता कळलं?" त्या म्हणाल्या. कळलं होतं. त्या दिवसापासून त्याने कुरकुर सोडली आणि एकेका बटणाला बारशाच्या उत्साहाने नाव देत सुटला. दुपारी ताई पुसलेल्या वस्तू आठवून सांगायच्या, कपाट, खण, शेरा, तो लिहायचा. एकदा त्याने मध्येच विचारलं, "'पावसात भिजलेल्या काडेपेटीसारखा' म्हणजे कसा?" ताईंनी ती वस्तू त्याच्या हातात दिली. त्याने डोळे मिटून चाचपलं. "हो," तो म्हणाला, "तसाच आहे." आणि तसंच लिहिलं.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा तीच गर्दी. मालकांनी पडद्याची वायरच काढून खिशात घातली. रंगाऱ्याने हेडफोन चढवला. दहानंबरीने त्याच्या हातावर एक बॉबिन केस ठेवली. पहिल्या खेपेला रंगाऱ्याने चुकून समोरच्या गोदामाची यादी उघडली आणि बायकोला हाक मारावी तसा कॉम्प्युटरला म्हणाला, "अगं, तिकडे नाही!" दुसऱ्या खेपेला तो हळूहळू गेला. बोटाने कड तपासली, दोन शब्द टाइप केले, ऐकलं, पुन्हा ऐकलं. "पहिलं कपाट," तो म्हणाला. "नववा खण. आणि शेरा आहे, 'शेपटीला बारीक गाठ'."

मालकांनी नवव्या खणातली केस आणून ताईंच्या तळहातावर ठेवली, थोरले मालक ठेवायचे तशीच. ताईंनी शेपटीवरून बोट फिरवलं. बारीक गाठ.

"पास," त्या म्हणाल्या.

त्या गलक्यातच त्या जुन्या टेबलापाशी गेल्या. काळ्या पाटीचा पंखा एकवीस वर्षं घरघरत होता. घरघर आहे तोवर दुकान चालू आहे, असं त्यांना कायम वाटायचं. त्यांनी तिच्या डब्यावर तळहात ठेवला. "बास, बाई," त्या पाटीला म्हणाल्या, "खूप केलंस. आता झोप." आणि आपल्या हाताने बटण दाबलं. घरघर हळूहळू बारीक होत थांबली.

मग त्या नव्या टेबलावर येऊन बसल्या. हेडफोन लावला. पहिली कळ दाबली. "शोधा," प्रोग्राम म्हणाला. दुसरी. "शेरा." तिसरी. "समोरचं गोदाम." एकेका बटणाला आता आपलं नाव होतं.

"मी मागितला होता एक डोळा," ताई म्हणाल्या, "यांनी समोरच्या गोदामासकट दोन दिले. म्हण माझीच आहे, मला वापरू द्या." सगळे हसले, आणि मालक सगळ्यात मोठ्याने.

ताईंनी आवाजाचा वेग वाढवला. आणखी वाढवला. शब्द एकमेकांत मिसळले, आणि शेजाऱ्यांना पुन्हा ती ओळखीची मधमाशी ऐकू येऊ लागली. ताईंनी तळहात काउंटरवर उघडा ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या, "पुढचा कोण?"